३३ पानांपासून ९३ प्रश्नांपर्यंत: ऑटिझमच्या निदान-मुलाखतीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष वाटेल. ऑटिझमचं निदान करताना मुलाच्या पालकांची जी मुलाखत घेतात, त्या मुलाखतीचा इतिहास आज आपण बघणार आहोत. आजारांचे इतिहास लिहिले जातात, औषधांचे लिहिले जातात. प्रश्नावलीचा कसला आलाय इतिहास, असं कुणालाही वाटेल. पण ऑटिझमच्या बाबतीत एक मूळचीच अडचण आहे. त्याच्या निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, एमआरआयमध्ये बोट ठेवून 'हा बघा' म्हणावं असं काही दिसत नाही. निदान दोन पायांवर उभं असतं. एक, समोर बसलेलं मूल कसं वागतं ते बघणं. दुसरा, ते आजवर कसं वाढलं हे त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाकडून ऐकणं. यातला दुसरा पाय म्हणजे मुलाखत. कुणाला विचारलं, काय विचारलं, कसं विचारलं आणि आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवला, यावर निदान बदलू शकतं. आणि निदानावर शाळा, उपचार, सरकारी दाखला, घरच्यांची झोप, असं बरंच काही अवलंबून असतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या मुलाखतीचा गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे सांगणाऱ्या माणसावर, म्हणजे बहुतेक वेळा आईवर, किती आणि कसा विश्वास ठेवायचा, याचा इतिहास आहे. प्रश्न बदलत गेले ते बरेचसे या एका कारणाने.

पुढे जाण्याआधी शब्दाविषयी थोडं. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. मूळ शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगण्यासाठी घडवला, ग्रीकमधल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून. पुढे तो मुलांना लागला. आपला मराठी शब्द त्याचंच भाषांतर आहे. पण त्या शब्दात एक गृहीत धरलेलं आहे, की मूल स्वतःत बुडालेलं आहे. मूल आत कुठे बुडालंय हे बाहेरून कुणाला दिसत नाही. दिसतं ते वागणं. म्हणून आज आपण 'ऑटिझम' हाच शब्द वापरू.

सुरुवात करू १९३८पासून. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून एक कुटुंब बॉल्टिमोरला आलं. जॉन्स हॉपकिन्सचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना त्यांना आपला मुलगा दाखवायचा होता. मुलाचं नाव डोनाल्ड, वय पाच. वडील वकील होते. येण्याआधी त्यांनी कॅनरना मुलाची सगळी हकिगत टाइप करून पाठवली होती. ती ३३ पानी होती. वर्षाचा असताना मूल गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत होतं. एकटं सोडलं की खूश असायचं. वडील घरी आले तरी त्याच्या गावी नसायचं. ठोकळे आणि ताटल्या गरगर फिरवत बसायचं. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांवरचा जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि पहिली केस डोनाल्डची. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन म्हणून आपण ज्या लेखाकडे बघतो, त्याचा मोठा आधार एका बापाने लिहून पाठवलेली ही हकिगत होती. तिथे प्रश्नावली नव्हती. काय महत्त्वाचं हे सांगणाऱ्यानेच ठरवलं होतं.

आता पुढचं बघा. त्याच लेखात कॅनर म्हणतात की हकिगत उत्तम आहे, पण तपशिलांचा सोस जरा अतिच आहे. लेखाच्या शेवटी तर ते अनेक पालकांच्या रोजनिश्या आणि बारीकसारीक आठवणी यांचाच उल्लेख पालकांच्या काटेकोर स्वभावाचा पुरावा म्हणून करतात. म्हणजे एकाच कागदाचे दोन उपयोग झाले. त्यातून मूल कळलं, आणि तो लिहिणाराच संशयित ठरला. कॅनर यांनी त्या लेखात ही अडचण जन्मजात आहे असंही स्पष्ट म्हटलं होतं, हे विसरायला नको. पण दोन्ही गोष्टी लेखात शेजारी शेजारी होत्या, आणि पुढच्या वीस वर्षांत लोकांनी त्यातली दुसरीच उचलली.

१९४९च्या लेखात कॅनर यांनी या पालकांच्या थंडपणाची तुलना रेफ्रिजरेटरशी केली. तिथून 'फ्रीजसारखी आई' ही कल्पना पसरली. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकातून ती घरोघर पोचवली. त्यांच्या मते मूल बरं करायचं तर त्याला आईबापांपासून लांब ठेवायला हवं. या काळात मुलाखतीचं काय झालं असेल ते सहज लक्षात येईल. प्रश्नांचा रोख मुलाकडून आईकडे वळला. मूल कसं वागतं यापेक्षा तुम्ही त्याच्याशी कसं वागलात, हे महत्त्वाचं ठरलं. ज्या माणसालाच आरोपी धरलंय, त्याच्या साक्षीला किंमत कोण देणार? आणि आपल्यावर आळ आहे हे कळलेली आई मोकळेपणाने बोलणार तरी कशी? असा संशय घेऊन मुलाखतीला बसलं की हातात येणारी माहितीच खराब होते. पुढच्या काळाने हा धडा घेतला, पण फार महागात घेतला.

१९६०च्या दशकात वारं फिरलं. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी संस्था काढली, तीच पुढे नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी झाली. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली 'इन्फंटाइल ऑटिझम' हे पुस्तक लिहिलं. रिमलँड नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. ऑटिझम हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही, असं त्यांनी मांडलं. गंमत अशी की प्रस्तावना कॅनर यांची होती. आणि १९६९ साली पालकांच्या परिषदेत कॅनर यांनी जाहीरपणे आईबापांना दोषमुक्त केलं. आपल्या विषयासाठी त्या पुस्तकाचं परिशिष्ट जास्त महत्त्वाचं. रिमलँड यांनी पालकांनी भरायची प्रश्नावली त्यात छापली होती. कितीतरी आईबापांनी ती भरून त्यांना परत पाठवली. ३३ पानांची मोकळी हकिगत आता चौकटींमध्ये आली. फायदा असा, की गावोगावच्या शेकडो मुलांची माहिती एका मापाने शेजारी ठेवता आली. तोटा असा, की चौकटीबाहेरचं सांगायला जागा उरली नाही, आणि प्रश्नाचा अर्थ प्रत्येक पालक आपापल्या परीने लावणार.

याच सुमाराला लंडनमध्ये दुसरं काम चाललं होतं. १९६१ साली मिल्ड्रेड क्रीक यांच्या समितीने निदानासाठी नऊ मुद्दे दिले. त्यांचा आधार घेऊन व्हिक्टर लॉटर यांनी मिडलसेक्स परगण्यातल्या आठ ते दहा वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी केली. सुरुवातीला शिक्षकांकडून माहिती घेतली, मग निवडक मुलांना प्रत्यक्ष बघितलं आणि आयांशी बोलणं केलं. १९६६ साली आकडा जाहीर झाला: १०,००० मुलांमागे ४.५. पुढे अनेक वर्षं हाच आकडा पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण १९७०च्या दशकात लंडनच्याच कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड यांनी वेगळे प्रश्न विचारले. विंग स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि एका ऑटिस्टिक मुलीची आई. त्यांनी 'हे मूल कॅनरच्या वर्णनात बसतं का' एवढंच विचारलं नाही. हे मूल इतरांमध्ये कसं मिसळतं, बोलण्यातून किंवा खुणांमधून मनातलं कसं पोचवतं, खेळात कल्पना कितपत लढवतं, रोजची कामं किती जमतात, असं सगळंच पालकांना आणि सांभाळणाऱ्यांना विचारलं. त्यासाठी त्यांनी मुलाखतीचा एक लांबलचक आराखडा तयार केला. १९७९ साली निष्कर्ष आले. ठरावीक कॅनर-छापाची मुलं १०,०००मागे पाचच्या आसपासच निघाली. पण सामाजिक वागणं, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हींत एकत्र अडचण असलेली मुलं १०,०००मागे वीसच्या वर होती. मुलं तीच, शहर तेच. प्रश्न रुंदावले आणि आधी न दिसलेली मुलं दिसू लागली. आज 'स्पेक्ट्रम' हा शब्द आपण सहज वापरतो, त्याची मुळं या मुलाखतींमध्ये आहेत.

इथे जरा थांबून बाजूला काय चाललं होतं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचा टप्पा कळत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क आणि लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांची तुलना करणारा एक मोठा प्रकल्प झाला. त्यात निघालं असं, की ज्या रुग्णाला न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्याला लंडनमध्ये बरेचदा दुसरंच काही म्हणतात. रुग्ण फारसे वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. संपूर्ण मानसोपचारशास्त्राला हा धक्का होता. उपाय दोन निघाले. निकष लिहून काढा, आणि मुलाखत आखून घ्या. निकषांचं पुस्तक, म्हणजे अमेरिकी मानसोपचार संघटनेचं डीएसएम-३, १९८० साली आलं आणि त्यात ऑटिझमला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. आखीव मुलाखतींमध्ये मोठं काम केलं ते जॉन विंग यांनी, म्हणजे लोर्ना विंग यांच्या पतींनी. एकाच घरात मोठ्यांच्या मनोविकारांची मुलाखत आणि मुलांच्या ऑटिझमची मुलाखत, दोन्ही घडत होत्या.

आणखी एक ओढ होती ती आनुवंशिकतेच्या संशोधनाची. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास छापला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांपैकी एकातही नव्हता. ऑटिझम आईच्या वागण्यातून येतो या समजुतीला हा जबर तडाखा होता. पण असं संशोधन मोठं करायचं तर कितीतरी शहरांतून, देशांतून कुटुंबं गोळा करावी लागणार. लंडनचा ऑटिझम आणि शिकागोचा ऑटिझम एकच आहे याची खात्री कोण देणार? या गरजेतून १९८९ साली ॲन ले कूटर, रटर, कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 'ऑटिझम डायग्नॉस्टिक इंटरव्ह्यू' म्हणजे एडीआय ही मुलाखत प्रसिद्ध केली. १९९४ साली तिची सुधारित आवृत्ती आली, तिला एडीआय-आर म्हणतात. तिच्यात ९३ मुद्दे आहेत आणि घ्यायला साधारण दीड ते अडीच तास लागतात.

या मुलाखतीची खरी नवलाई ९३ आकड्यात नाही, विचारण्याच्या पद्धतीत आहे. आपण आपल्या घरातलं एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलाखत घेणारा विचारतो, "तो बोट दाखवतो का?" आई म्हणते, "हो, दाखवतो की." साध्या प्रश्नावलीत इथे 'हो'वर खूण होते आणि विषय संपतो. एडीआयमध्ये विषय इथून सुरू होतो. "अगदी अलीकडे कधी दाखवलं ते सांगा ना." "काल. फळीवर बिस्किटाचा डबा होता, त्याच्याकडे." "आणि काही नको असताना? म्हणजे वरून विमान गेलं, चांदोमामा दिसला, नुसतं तुम्हाला दाखवायचं म्हणून?" आई थबकते. "तसं... नाही बाई आठवत." "डब्याकडे बोट करताना तो वळून तुमच्याकडे बघतो का, तुमचं लक्ष गेलंय का ते?" "नाही. माझा हातच धरतो आणि ओढत नेतो." एका 'हो'च्या पोटात इतकं दडलेलं होतं.

म्हणजे आईने निकाल द्यायचा नाही, आईने प्रसंग सांगायचा. निकाल, म्हणजे ० ते ३ यातला गुण, मुलाखत घेणारा देणार. पूर्वी आईच्या स्वभावावर निवाडा होत होता, रिमलँड यांच्या प्रश्नावलीत आईच निवाडा करत होती, आणि इथे पहिल्यांदा कामाची नीट वाटणी झाली. मूल ओळखण्यात आईइतकं तरबेज कुणी नाही, आणि शेकडो मुलांशी तुलना करण्यात मुलाखतकाराइतकं कुणी नाही. आम्हाला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. पालकांच्या साक्षीला तिचा मान मिळाला.

पण प्रत्येक सोयीची एक किंमत असते. गुणांची बेरीज होऊ लागली की किमान आकडा ठरवावा लागतो. एडीआय-आरमध्ये सामाजिक देवाणघेवाणीत १०, संवादात बोलणाऱ्या मुलासाठी ८ आणि न बोलणाऱ्यासाठी ७, पुनरावृत्तीच्या वागण्यात ३, आणि ३६ महिन्यांच्या आत सुरुवात झाल्याची खूण. या चारही उंबरठ्यांवर पाय पडला तरच मूल ऑटिझममध्ये धरायचं. संशोधकाला असा काटेकोरपणा हवाच असतो. पण ही मुलाखत, आणि तिच्या जोडीला मुलाशी खेळत निरीक्षण करायची एडीओएस ही चाचणी, दोन्ही बघता बघता संशोधनातून दवाखान्यात आल्या आणि 'गोल्ड स्टँडर्ड' म्हणून मिरवू लागल्या. संशोधनात एक मूल गटाबाहेर राहिलं तर आकडेवारीत थोडा फरक पडतो. दवाखान्यात तेच मूल आणि त्याचं घर रिकाम्या हाताने परत जातं. म्हणून जाणते चिकित्सक आजही बजावतात, की गुणांची बेरीज हा निदानाचा आधार आहे, निदान नाही.

दुसरी अडचण स्मरणशक्तीची. एडीआय-आरमधले अनेक प्रश्न 'मूल चार ते पाच वर्षांचं असताना' या काळाविषयी आहेत, कारण त्या वयात लक्षणं ठळक दिसतात असा अनुभव आहे. आता मूल चौदा वर्षांचं झालंय, आणि आपण आईला दहा वर्षांमागचं विचारतोय. पहिला शब्द कितव्या महिन्यात आला? मध्ये दुसरं मूल झालं, बदली झाली, घर बदललं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच मुलांच्या पालकांना वेगवेगळ्या वर्षी हेच विचारलं. मूल जितकं मोठं होत गेलं, तितकं बोलायला लागल्याचं वय पालक पुढे पुढे सांगत गेले. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवण अशीच चालते. पण त्यामुळे तेच मूल एका मुलाखतीत 'वेळेवर बोललं' आणि दुसऱ्या मुलाखतीत 'उशिरा बोललं' ठरू शकतं. साक्षीदारावर विश्वास ठेवायचा म्हणजे त्याच्या आठवणीच्या मर्यादाही ओळखायच्या, हे यातून कळलं. मग लहान वयातल्या मुलांसाठी वेगळी गुणपद्धती आली, कारण दोन वर्षांच्या मुलाच्या आईला मागचं आठवायचं नसतं, आजचंच सांगायचं असतं.

लोर्ना विंग यांना मुळात कप्प्यांचीच फारशी आवड नव्हती. त्यांनी आपला जुना आराखडा वाढवत वाढवत 'डिस्को' ही मुलाखत तयार केली. तिच्याविषयीचे प्रमुख लेख २००२ साली आले. तिच्यात ३००हून जास्त मुद्दे आहेत. झोप, खाणं, आवाजाचा त्रास, कपड्यांचा स्पर्श, हालचाली, स्वतःची कामं. विंग यांची भूमिका अशी, की नाव काय द्यायचं ते मागाहून बघू, आधी हे माणूस पूर्ण कळू दे. त्यांचं म्हणणं किती दूरचं होतं ते २०१३ साली दिसलं. त्या वर्षीच्या डीएसएम-५ने ॲस्पर्गर वगैरे वेगळी नावं काढून एकच 'ऑटिझम स्पेक्ट्रम' केला आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जास्त किंवा कमी संवेदना निकषांमध्ये घातली. १९९४च्या एडीआय-आरमध्ये याविषयी मोजकेच प्रश्न होते. निकष पुढे गेले की मुलाखत मागे पडते, हे दर पिढीत होत आलंय.

डीएसएम-५ने आणखी एक दार उघडलं. लक्षणं लहानपणापासून असतात, पण जगण्याच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही, आणि मोठेपणी शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती झाकलीही जातात, हे आता निकषांतच लिहिलंय. ज्या मुलीने वर्गातल्या मैत्रिणीचं हसणं, मान डोलावणं बघून बघून पाठ केलं, तिची आई काय सांगणार? "शांत होती, शहाणी होती." आईचं खोटं नाही. तिला दिसलं तेच ती सांगतेय. दमणूक दिसलीच नाही, ती फक्त मुलीला माहीत. आणि पंचेचाळीस वर्षांचा माणूस निदानासाठी आला आणि त्याचे आईवडील हयात नसतील, तर चार ते पाच वर्षांचं कुणाला विचारायचं? या प्रश्नांनी मुलाखतीच्या पायालाच हात घातला. इतकी वर्षं सांगणारा म्हणजे पालक असं धरलं होतं. आता सांगणारा स्वतः ऑटिस्टिक माणूस असू शकतो. २०१८ साली झाकाझाकी मोजणारी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली आली, ती त्याच माणसाने भरायची असते. कॅनर यांच्या मुलांपैकी कुणी आपली हकिगत स्वतः लिहून पाठवण्याची कल्पना १९३८ साली कुणाच्या डोक्यात आली नसती.

आता भाषा आणि रीतिरिवाज. हे प्रश्न लंडन आणि अमेरिकेतल्या घरांकडे बघून घडले. ते दुसरीकडे नेताना नुसतं भाषांतर पुरत नाही. डोळ्यांत बघून बोलतो का, हा प्रश्न घ्या. आपल्याकडे मोठं माणूस रागावत असताना मूल वर मान करून बघायला लागलं तर 'उद्धट' म्हणतील. अनोळखी माणसाला भलतेच प्रश्न विचारतो का, असाही एक मुद्दा एडीआय-आरमध्ये आहे. आपल्या एसटीत शेजारी बसलेला सज्जन गृहस्थ दहा मिनिटांत तुमचं गाव, पगार आणि लग्नाचं विचारून मोकळा होतो! तेव्हा भलता प्रश्न कोणता, हे मुलाखतकाराला इथलं माहीत असेल तरच कळेल. कल्पनेच्या खेळाची चौकशी बाहुलीच्या वाढदिवसावरून करता येते, तशी भातुकलीवरूनही करता येते. सर्वनामांची उलटापालट हे कॅनर यांनीच नोंदलेलं लक्षण: मूल 'मला' ऐवजी 'तुला' म्हणतं. पण आपल्याकडे आईच बाळाशी "बाळाला भूक लागली का?" असं बोलते. मूल स्वतःला 'बाळ' म्हणालं तर ते आईची नक्कल करतंय की सर्वनाम अडतंय, हे दोन-चार प्रसंग ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, "मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते." आजीचं हे एक वाक्य कितीतरी घरांत वर्ष-दोन वर्षं खाऊन टाकतं. मुलाखतकाराने उशिरा बोलण्याची 'काळजी वाटली का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार. 'पहिला शब्द कोणता, कधी, कुणापाशी' असं विचारलं तर खरं काय ते बाहेर येणार.

दक्षिण कोरियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलाखत आणि निरीक्षण तिथल्या भाषेत, तिथल्या घरांचा विचार करून केलं गेलं. त्या गटात एक मानववंशशास्त्रज्ञही होते. सात ते बारा वर्षांच्या मुलांत प्रमाण २.६४ टक्के निघालं. त्यातली बरीचशी मुलं साध्या शाळेत बसत होती आणि त्यांचं निदान कधी झालंच नव्हतं. मिडलसेक्सच्या १०,०००मागे ४.५शी हे ताडून बघा. सगळा फरक प्रश्नांचा नाही, निकषही बदलले होते. पण कुणाला जाऊन विचारलं, याचा वाटा त्यात मोठा आहे.

आपल्या देशात हा सगळा विषय कायद्यालाही जोडलेला आहे. १९९५च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. दाखला द्यायचा तर माप हवं. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेलं इसा नावाचं भारतीय माप २००९ साली आलं. सहा विभाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पालकांशी बोलणं आणि मुलाचं निरीक्षण दोन्ही धरून. बेरीज ७०च्या खाली आली तर ऑटिझम नाही असं धरतात. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामध्ये दाखल्याचं दार आहे. सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या आईला घाईघाईत 'बोलतो का, हो की नाही' विचारलं, की तेच मूल ६९वर थांबू शकतं.

दुसरं भारतीय साधन इन्क्लेन या संशोधकांच्या गटाने तयार केलं, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. ते परदेशी महागड्या साधनांच्या परवान्याविना, आपल्या दवाखान्यांत वापरता यावं, हा हेतू. ज्या भागांत पाहणी झाली त्यांत उत्तर गोवाही होता, आणि तिथल्या घरांसाठी प्रश्न कोंकणीत नेले गेले. आधी ते डीएसएम-४वर बेतलेलं होतं. मग दिल्लीच्या एम्सने डीएसएम-५प्रमाणे त्यात दुरुस्त्या केल्या. म्हणजे लंडनमध्ये तीस वर्षांत झालेला प्रवास आपल्याकडे चार-पाच वर्षांत उरकावा लागला.

आता आवरतं घेऊ. या इतिहासातून तीन गोष्टी हाताला लागतात असं आम्हाला वाटतं. पहिली: आईबापांना संशयाने विचारलं तेव्हा विज्ञानच वीस वर्षं आंधळं झालं. दुसरी: विश्वास ठेवायचा म्हणजे मत विचारायचं नाही, प्रसंग विचारायचा. "तुम्हाला काय वाटतं, ऑटिझम असेल का?" यापेक्षा "काल संध्याकाळी काय झालं ते सांगा" हा प्रश्न कितीतरी जास्त देतो. आणि तिसरी: कोणतीही प्रश्नावली ज्यांच्याकडे बघून बनली, त्यांनाच ती नीट ओळखते. मुली, मोठी माणसं, दुसऱ्या भाषेतली घरं तिला आधी दिसली नाहीत, आणि आजच्या प्रश्नावल्यांनाही कुणीतरी दिसत नसणारच.

श्रोत्यांमध्ये कुणी पालक असतील, कुणाचं मूल येत्या महिन्यात तपासणीला जाणार असेल, तर एवढं करा. जाण्याआधी चार-पाच खरे प्रसंग कागदावर लिहून ठेवा. मूल काय करत होतं, समोर कोण होतं, पुढे काय झालं. निष्कर्ष लिहू नका, घडलं ते लिहा. जुने व्हिडिओ असतील तर सोबत न्या. आठवण पुढे-मागे सरकते, व्हिडिओवरची तारीख सरकत नाही. आणि कुणी म्हणालं, की किती बारीक लिहिता हो तुम्ही, तर वाईट वाटून घेऊ नका. ऑटिझमची पहिली नोंद अशाच एका बारीक लिहिणाऱ्या बापाच्या ३३ पानांवर उभी आहे.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.